श्याम : आदर्श नव्हे, चुकणारा

ध्रुव, प्रल्हाद, अभिमन्यू अशा निष्कलंक बालवीरांच्या कथांवर पोसलेल्या मराठी मुलांना चुकणारा नायक देणारे पांडुरंग सदाशिव साने २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे जन्मले. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरलेले. कर्ज आणि सावकाराचा तगादा हे त्या बालपणाचे अर्थकारण होते. ‘श्यामची आई’ वाचताना आपण बहुधा ते ओलांडून जातो. १९१७ मध्ये आई निवर्तली तेव्हा हा मुलगा जवळ नव्हता.

तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाल्यावर १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचने लिहून घेतली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढले.

या पुस्तकातील श्याम पुस्तकासाठी पैसे चोरतो. दुसऱ्यांना फुले मिळू नयेत म्हणून न उमललेल्या कळ्याच खुडून आणतो. पोहण्याच्या भीतीने लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. लिहिणारा तेव्हा तेहतीस वर्षांचा, विद्यार्थ्यांना पूज्य असलेला शिक्षक होता. त्याने आईला आदर्श केले, स्वतःला नाही. यातले धैर्य आपण ओळखलेले नाही. आम्ही अध्यापकांनी श्यामला सद्वर्तनाचा दाखला देऊन वर्गात उभे केले. मग निर्दोष नायकाला कंटाळलेल्या आजच्या विद्यार्थ्याने त्याला रडवा आज्ञाधारक मुलगा ठरविले, तर दोष त्याचा कसा? पुस्तकात अश्रू फार आहेत, हा आक्षेप मात्र मान्य करावयास हवा.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले व मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. इतरांच्या चुका पोटात घालणारा हा माणूस स्वतःविषयी विलक्षण कठोर होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’वर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले, ते पाहावयास श्याम राहिला नव्हता.