दर्यावर्दी चित्रकार : अँटन ओटो फिशर

फिशर यांचा जन्म १८८२ साली जर्मनीतला. आईबाप लहानपणीच गेले. मिसरूड फुटण्याआधीच ते शिडाच्या जहाजावर चढले. आठ वर्षे दोर ओढले, डेक घासले. मग अमेरिकेत ए. बी. फ्रॉस्ट या चित्रकाराकडे पडेल ते काम करीत राहिले. १९०६ साली पॅरिसला जाऊन दोन वर्षे चित्रकला शिकले. पुढे ‘सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट’ साप्ताहिकातून त्यांची समुद्राची चित्रे अमेरिकेत घरोघरी पोचली. त्यांच्या पत्नी मेरी एलन याही चित्रकारच! मला विशेष कौतुक ‘टगबोट ॲनी’च्या गोष्टींचे. मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीची कप्तान एक विधवा बाई, आणि तिची चित्रे काढणारे फिशर.

महायुद्धात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते चित्रे काढण्यासाठी ‘कॅम्पबेल’ या गस्ती जहाजावर ऐन थंडीत अटलांटिकवर गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये एका पाणबुडीशी झुंज झाली. जहाजाला भोक पडून इंजिनघरात पाणी शिरले. पाणबुडी जर्मन, म्हणजे त्यांच्या जन्मभूमीचीच! त्या रात्री त्यांच्या मनाचे काय झाले असेल, हे मला राहून राहून वाटते. परतल्यावर ती झुंज त्यांनी रंगवली, ‘लाइफ’ने छापली.

१९४७ साली त्यांनी आपल्या खलाशीपणाची हकीकत ‘फोक्सल डेज’ या पुस्तकात लिहिली, चित्रेही स्वतःच काढली. १९६२ साली ते वारले.