‘एकच प्याला’तला सुधाकर कोण होता? गायकांच्या काळात बोलण्यावर नाव कमावणाऱ्या गणपतराव बोडसांची गोष्ट

डिजिटल डेस्क, सोलापूर : बालगंधर्व म्हटलं की आजही लोकांना पटकन काहीतरी आठवतं. कुणाला २०११ मधला सुबोध भावेचा सिनेमा, कुणाला आजोबांच्या तोंडून ऐकलेली पदं. २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ सिनेमा आला तेव्हा मूळ नाटकाबद्दल पुन्हा थोडंफार बोललं गेलं. बालगंधर्वांची भामिनी, रेवती, सिंधू या भूमिकांवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत.

पण त्या भामिनीवर संपत्तीचा रुबाब मारायला आलेला लक्ष्मीधर कोण होता? ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवतीमुळे ज्याच्या घरात रणकंदन माजतं तो फाल्गुनराव कोण होता? आणि सिंधूच्या संसाराची राख करणारा दारुडा सुधाकर?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. गणेश गोविंद बोडस, म्हणजेच गणपतराव बोडस.

कोण होते गणपतराव बोडस?

जन्म १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या शेवगावचा. शाळेच्या वयातच नाटकाचा नाद लागला आणि पुढे ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून ज्या मंडळीचं नाव मोठं केलं, तीच ही कंपनी. त्या काळातल्या मराठी मुलासाठी यापेक्षा मोठी कंपनी नव्हती.

तिथे त्यांना गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीम मास्तर मिळाला. देवल म्हणजे ‘शारदा’ आणि ‘मृच्छकटिक’चे नाटककार. लिहिण्याइतकाच त्यांचा हात तालमीत चालायचा. वाक्य कुठे तोडायचं, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, समोरचा बोलत असताना आपण काय करायचं, हे ते नटांकडून घोटून घ्यायचे. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच मंडळीत आले आणि त्यांनाही देवलांचीच तालीम मिळाली. एकाच मास्तरांचे हे दोन शिष्य. एकाकडे गळा होता, दुसऱ्याकडे जीभ.

गाणं येत नसेल तर संगीत नाटकात काय काम?

त्या काळात नटाची किंमत गळ्यावर ठरायची. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजासाठी लोक तिकीट काढायचे, पुढे बालगंधर्वांसाठी काढू लागले. प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा, याचं एक मोठं कारण ‘वन्स मोअर’. आवडलेलं पद प्रेक्षक पुन्हा मागायचे, मग पुन्हा, मग आणखी एकदा.

ज्यांना गायचंच नव्हतं त्यांच्यासाठी दुसरं दार होतं. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेटचं मराठी रूप गाजवत होते. महाराष्ट्र नाटक मंडळी खाडिलकरांचं ‘कीचकवध’ करत होती, जे पुढे इंग्रज सरकारनं बंद पाडलं. या गद्य कंपन्या होत्या. तिथे बोलणाऱ्या नटाचंच राज्य.

बोडसांचं नाव मात्र संगीत कंपनीत झालं. ‘सौभद्र’मधला कृष्णही त्यांनी केला, पण त्यांची खरी ताकद गद्यात होती. म्हणजे ज्या मैदानावर सगळे टाळ्या गाण्याला देतात, तिथे उभं राहून बोलण्यावर टाळी घ्यायची. हे किती अवघड, ते एका साध्या गोष्टीवरून कळेल. समजा, नवरा दारू पिऊन आलाय आणि बायको रडवेली होऊन गातेय. पद संपतं. थिएटरमधून ‘वन्स मोअर’ येतो. ऑर्गन पुन्हा सुरू होतो, तेच पद पुन्हा. या सगळ्या वेळात तो दारुडा नवरा स्टेजवरच आहे. त्याला नशेतच राहायचंय, हलायचं नाही, प्रेक्षकांचं लक्ष खेचायचं नाही. आणि गाणं संपल्यावर पहिलं वाक्य असं टाकायचंय की प्रसंग जिथे थांबला होता तिथूनच पुढे जाईल. गायकाला टाळ्या मिळाल्यावर तुटलेली गोष्ट पुन्हा जोडायचं काम त्याच्याकडे.

त्यात माइक नाही. गाण्याचा सूर लांबवता येतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत आपोआप जातो. बोलण्याचं तसं नाही. स्वर पोहोचतात, पण क, त, प, स ही व्यंजनं वाटेतच विरतात आणि वाक्याचा अर्थ नेमका त्यांच्यावरच अवलंबून असतो. ओरडलं तर विनोद मरतो आणि हळू बोललं तर मागच्यांना ऐकूच येत नाही. फाल्गुनरावासारखी संशयानं पुटपुटणारी भूमिका, खासगीतलं बोलतोय असं वाटायला लावून सगळ्या थिएटरला ऐकवायची, हे तंत्र आवाजाच्या मेहनतीशिवाय शक्य नव्हतं.

१९११ : भित्रा, दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर

त्याआधी ‘मृच्छकटिक’मध्ये बोडसांनी शकार केला होता. राजाचा मेहुणा, मूर्ख, बढाईखोर आणि वेळ आली तर वसंतसेनेचा गळा दाबणारा. हसवणारा आणि भीती वाटायला लावणारा माणूस एकाच अंगात दाखवायचा, हा त्यांचा पुढचा रस्ता इथेच दिसतो.

१२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. नाटकाची गोष्ट अशी : श्रीमंत बापाची मुलगी भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराला नाकारते. दुसरीकडे लक्ष्मीधर. पैसा आहे, अंगावर दागिने आहेत, धाडस मात्र शून्य.

ही भूमिका नुसती विदूषकी केली तर नाटक कोसळतं. लक्ष्मीधर पहिल्या प्रवेशापासूनच हास्यास्पद दिसला, तर भामिनीला कळायला इतका उशीर का लागतो, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. त्याचा थाट आधी खरा वाटला पाहिजे, नंतर तो गळून पडला पाहिजे. बोडसांचा लक्ष्मीधर गाजला आणि पुढे ही भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

कंपनी फुटली, तेव्हा बोडस कुठे होते?

मध्यभागी. किर्लोस्कर मंडळीचे व्यवस्थापक शंकरराव मुजुमदार आणि ही मंडळी यांचं पटेनासं झालं. १९१३ मध्ये बालगंधर्व, संगीतकार गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. आजच्या भाषेत सांगायचं तर तिघे को-फाउंडर. एकाकडे गायन आणि नाव, दुसऱ्याकडे संगीत, तिसऱ्याकडे गद्य अभिनय. कागदावर यापेक्षा चांगली टीम सापडणं कठीण. पण कंपनीला नाव मात्र एकाच भागीदाराचं होतं, आणि तिकीटही त्याच्याच नावावर विकलं जायचं.

टेंबे दोनेक वर्षांतच बाहेर पडले. पुढे बोडसही भागीदारीतून मोकळे झाले. कंपनी बालगंधर्वांची झाली. शालू, अत्तरं, भरजरी पडदे यांवरचा खर्च आणि त्यामागून येणारं कर्ज, हा सगळा इतिहास बालगंधर्वांच्या चरित्रात येतो. कंपनी १९३४ पर्यंत चालली. त्यानंतर ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसले.

नाटककार नाही, भूमिका आहे

बोडसांच्या दोन सर्वात मोठ्या भूमिकांबाबत एक विलक्षण योगायोग आहे. दोन्ही नाटकांच्या पहिल्या प्रयोगाला नाटककार हयात नव्हते.

‘संशयकल्लोळ’ आधी गद्य होतं. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून मर्फी या इंग्रजी लेखकानं नाटक लिहिलं आणि त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये मराठी अवतार केला. त्याचं पदांसह संगीत रूप गंधर्व मंडळीनं १९१६ मध्ये आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले, प्रयोग झाला पावसाळ्यानंतर. सगळ्या पात्रांची नावं नक्षत्रांवरून आणि महिन्यांवरून : कृत्तिका, रेवती, अश्विनशेट, फाल्गुनराव, नोकर भादव्या. एका तसबिरीवरून सुरू झालेला संशय चार माणसांना वेड लावतो. अश्विनशेट आणि रेवती गातात, फाल्गुनराव आणि कृत्तिका भांडतात. बोडसांचा फाल्गुनराव स्वतःला विनोदी समजत नव्हता, म्हणून तो विनोदी होता. संशयी माणसाला आपण फार हुशार आहोत असंच वाटत असतं.

‘एकच प्याला’ची गोष्ट आणखी जवळची. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले. पहिला प्रयोग २० फेब्रुवारीला बडोद्यात झाला, चार आठवड्यांत. नाटकातली पदंही गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली.

सुधाकर ही मराठीतली बहुधा सर्वात अवघड पुरुष भूमिका. हुशार वकील, स्वभावानं मानी. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि तळीराम एक पेला पुढे करतो. मग घसरण. मध्ये एकदा तो सावरतो, शपथ घेतो, कामधंदा शोधायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो, तिथे झिडकारला जातो आणि पुन्हा बाटलीकडे वळतो. शेवटी मूल, बायको आणि स्वतः, तिघांचाही अंत. पाच अंकांत एका माणसाचं पाच वेगळ्या पायऱ्यांवरचं शरीर दाखवायचं, आवाज दाखवायचा. पहिल्या पेल्याचा सुधाकर आणि शेवटच्या पेल्याचा सुधाकर सारखाच झिंगला, तर नाटक एकसुरी होतं.

आणि या भूमिकेला पद नाही. समोर बालगंधर्वांची सिंधू. पण नीट पाहिलं तर सिंधूच्या प्रत्येक दुःखाचं मूळ सुधाकर आहे. तो खोटा वाटला तर तिचं गाणं ही नुसती मैफल उरते. बोडसांनी सुधाकर असा उभा केला की लोकांना त्याचा संताप आला आणि कीवही आली. माझ्या मते या जोडीची खरी गंमत इथे आहे : मराठी प्रेक्षकांच्या सर्वात लाडक्या नायिकेला अपमान, संशय आणि उद्ध्वस्तपणा देणारे पुरुष बोडसांच्या वाट्याला आले आणि त्यांनी त्यातल्या एकालाही सोपा खलनायक केलं नाही.

सोलापूरच्या प्रेक्षकाला काय ऐकू जायचं?

फिरत्या कंपन्यांचं गणित रेल्वेवर चालायचं. नट, वादक, आचारी, पडदे, पेट्या असं सगळं बिऱ्हाड डब्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी. मुंबई–पुणे–सोलापूर–रायचूर या लोहमार्गावरचं आपलं शहर १८७७ पासून गिरणीचं गाव होतं. पगाराचा रोख पैसा आणि पेठेतले व्यापारी, म्हणजे तिकीट घेणारा प्रेक्षक तयार.

पण सोलापूर तेव्हाही एकभाषी नव्हतं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एकाच गल्लीत. हुबळी, धारवाडची गोष्टही तीच. गाणं भाषेची हद्द ओलांडतं. पद कळलं नाही तरी सूर कळतो, म्हणूनच मराठी संगीत नाटकाचे चाहते कानडी मुलखात इतके झाले. गद्याला ही सवलत नाही. ज्याला मराठी अर्धवट कळते त्याच्यापर्यंत फाल्गुनरावाचा संशय पोहोचवायचा तर तो डोळ्यांतून, चालीतून, थांबण्यातूनच पोहोचवावा लागणार. फिरत्या कंपनीतल्या गद्य नटाची ही परीक्षा पुण्या-मुंबईपेक्षा आपल्यासारख्या शहरांत जास्त कडक असणार, असं वाटतं.

मग आज ते आठवत का नाहीत?

कारण तबकडी. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. बालगंधर्वांची पदं त्यात बसली. आज मोबाइलवर शोधलं की ती ऐकता येतात, खरखरीसकट. पण हळूहळू चढत जाणारा वीस मिनिटांचा प्रवेश तबकडीत मावत नाही, आणि त्या वयात तो चित्रित करायला बोलपटही नव्हता. बोलपट आला तेव्हा बोडस पन्नाशीत होते. ज्यांनी त्यांचा सुधाकर पाहिला ती पिढी गेली, तशी भूमिकाही गेली.

त्यांनी स्वतः ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र लिहिलं. किर्लोस्कर आणि गंधर्व मंडळीतल्या आतल्या घडामोडींसाठी अभ्यासक आजही ते उघडतात. संगीत नाटक अकादमीनं मराठी अभिनयासाठी १९५५ मध्ये बालगंधर्वांना पुरस्कार दिला आणि पुढच्याच वर्षी बोडसांना. २३ डिसेंबर १९६५ ला वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बालगंधर्व त्यानंतर दीड वर्षानं गेले.

‘संशयकल्लोळ’ अलीकडे पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा अश्विनशेट गायक राहुल देशपांडे होते आणि फाल्गुनराव होते प्रशांत दामले. गाणारा एक आणि बोलणारा दुसरा, अशी वाटणी शंभर वर्षांनंतरही तशीच होती.