आन्ना मान्यानी : पडद्यावरील रोमची माता

इटालियन चित्रपटसृष्टीतील थोर अभिनेत्री आन्ना मान्यानी ह्यांचा जन्म ७ मार्च १९०८ रोजी रोममध्ये झाला. पित्याची ओळख त्यांना कधी लाभली नाही. आई परदेशी गेली आणि आजीने त्यांना वाढविले. धर्मभगिनींच्या शाळेत शिक्षण झाले, पुढे नाट्यशिक्षण घेतले. उमेदवारीच्या काळात त्यांनी रात्रीच्या करमणूकगृहांत गाणीही गायिली.

१९४२ साली त्यांना पुत्र झाला. त्यानेही आईचेच आडनाव लावले. बालपणीच पोलिओने त्याचे पाय निकामी झाले. अपंग मुलाला उभे आयुष्य काही कमी पडू नये, ही चिंता ह्या मातेला अखेरपर्यंत होती.

१९४५ साली रोबेर्तो रोस्सेलिनी ह्यांचा ‘रोम, खुले शहर’ प्रकाशित झाला. त्यातील पिना ही गरोदर विधवा, पकडून नेलेल्या वाग्दत्त पतीच्या ट्रकमागे धावताना जर्मनांच्या गोळीला बळी पडते. मिस्सासेवकाच्या झग्यातील तिचा मुलगा तिच्या देहावर कोसळतो. धर्मगुरू तिला मांडीवर घेतात. ही केवळ कल्पना नव्हे. ३ मार्च १९४४ रोजी तेरेसा गुल्लाचे ही पाच मुलांची गरोदर माता रोममध्ये अशीच मारली गेली होती. १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत ह्या चित्रपटाचा समावेश झाला.

परंतु ख्रिस्तसभेशी त्यांचे नाते नेहमीच असे सरळ राहिले नाही. १९४८ च्या ‘चमत्कार’ ह्या लघुचित्रपटात त्यांनी भोळसट शेळीवालीची भूमिका केली. एका वाटसरूला ती संत योसेफ समजते, गरोदर राहते आणि गावाच्या टवाळीची धनी होते. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन ह्यांनी ह्या चित्रपटाचा कडक निषेध केला. तेथे त्यावर बंदी आली. १९५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली. कथा भाविकांना बोचणारी आहे, हे खरे. मात्र त्या दीन स्त्रीच्या मुखावरील श्रद्धेत आम्हांला टिंगल दिसत नाही.

टेनेसी विल्यम्स ह्यांनी ‘द रोज टॅटू’ हे नाटक त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. त्यावरील चित्रपटातील विधवा शिवणकरणीच्या भूमिकेसाठी १९५६ साली त्यांना ऑस्कर मिळाले. पाझोलिनी ह्यांच्या ‘माम्मा रोमा’त (१९६२) त्या पुन्हा माताच झाल्या. देहविक्रय सोडून मुलाला प्रतिष्ठेचे जीवन देऊ पाहणाऱ्या ह्या मातेचा मुलगा तुरुंगात मरण पावतो.

२६ सप्टेंबर १९७३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सिएन्नाच्या संत कॅथरिन जेथे विसावल्या आहेत, त्या सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा चर्चमध्ये अंत्यविधी झाला. रोमकरांनी मोठी गर्दी केली होती. इंग्रिड बर्गमनसाठी त्यांना सोडून गेलेले रोस्सेलिनी अखेरच्या दिवसांत त्यांच्या बिछान्याजवळ होते. त्यांच्याच कुटुंबाच्या कबरीत आन्नांना प्रथम मूठमाती देण्यात आली.