वीर नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

ज्या गागोद्यात १८९५ साली आचार्य विनोबा भावे जन्मास आले, त्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत एका लढवय्याचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. १९४० च्या ऑक्टोबरात महात्माजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली, ती युद्धाला विरोध जाहीरपणे सांगण्यासाठीच. विनोबा त्यासाठी तुरुंगात गेले. त्याच युद्धात आपल्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा एक तरुण सातासमुद्रापार लढता लढता धारातीर्थी पडला. एकाने युद्ध नाकारले, दुसऱ्याने त्यात प्राण दिला. दोघेही आपलेच. एकाची ओळख नव्या पिढीस करून देण्याची गरज नाही, दुसऱ्याची मात्र आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. कोकणातील शेती म्हणजे पावसावरचे भात आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरी. एका पिकावर घर बारा महिने चालत नसे. म्हणून कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गलबतावर वा आगबोटीवर, तर कोणी पलटणीत, अशी घराघरांतील तरुणांची वाटणी ठरलेली असे. दर्यावर गेलेला काय आणि पलटणीत गेलेला काय, घरच्यांच्या जिवाला घोर सारखाच. मनिऑर्डर आली म्हणजे माणूस सुखरूप आहे, एवढाच काय तो दिलासा.

यशवंतराव पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते. या रेजिमेंटचा इतिहास १७६८ सालापर्यंत मागे जातो. कोकण आणि देश या दोन्ही भागांतील मराठा तरुण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले आहेत. यशवंतरावांची पलटण तिसरी. हीच पलटण स्वातंत्र्यानंतर १९५२ साली छत्रीधारी सैनिकांच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वयाची तेवीस वर्षे पुरी होण्याआधीच यशवंतराव नाईक या हुद्द्यावर होते. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली दहाएक जवानांची एक सेक्शन. अधिकार लहान दिसतो, परंतु लढाईत गोळीसमोर पहिले पाऊल याच माणसास टाकावे लागते.

१९४४ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस दोस्त सैन्याने रोम शहर घेतले. जर्मन सैन्य उत्तरेस हटू लागले, परंतु प्रत्येक डोंगर आणि प्रत्येक वळण लढवीत हटू लागले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, इटलीच्या मध्यभागी, दहाव्या हिंदी डिव्हिजनकडे पुढे सरकण्याचे काम होते. हा प्रदेश डोंगराळ. उंचावर मशीनगन रोवून बसलेल्या शत्रूला तेथून खालची सारी वाट दिसे. सह्याद्रीच्या घाटाखाली राहणाऱ्या माणसास हे अधिक सांगावयास नको.

१० जुलै १९४४. आपल्याकडे भातलावणीचे दिवस. त्या दिवशी मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. यशवंतरावांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणात सेक्शनमधील सर्व जवान ठार वा जायबंदी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागे येण्यास कोणी उरलेले नाही, हे त्यांना पक्के कळले होते. माघार घेतली असती तर त्यांना बोल लावण्यास जागा नव्हती. परंतु ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकास टिपले. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवीन मॅगझिन भरण्यास उसंत नव्हती. त्यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी लोळविले. ठाणे हाती आले. परंतु दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

ज्या काळी देशात स्वातंत्र्याचा लढा चालू होता, त्या काळी परक्या राजाच्या झेंड्याखाली लढलेल्यास वीर म्हणावे काय, हा वाद पुष्कळदा घातला जातो. झेंडा कोणाचा हे त्याने ठरविले नव्हते. हाताखालची माणसे डोळ्यांदेखत पडली असता काय करावयाचे, हे मात्र त्याचे त्यानेच ठरविले. त्याला वीर न म्हणावे तर कोणाला म्हणावे?

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश फौजेत याहून मोठे शौर्यपदक नव्हते. इटलीच्या रणभूमीवर हिंदी फौजेतील सहा जणांस हे पदक मिळाले. त्यांपैकी दोघे आपल्या महाराष्ट्राचे. एक यशवंतराव, आणि दुसरे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव. नामदेवराव एप्रिल १९४५ च्या लढाईतून जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत आपल्या माणसांत राहिले. यशवंतरावांचे पदक त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती देण्यात आले. पुस्तकांतून त्या माउलीच्या वाट्याला बहुधा तेवढे एकच वाक्य येते. पदक स्वीकारणारी बाई भर तारुण्यात कपाळ पुसून बसली होती आणि पुढचे सारे आयुष्य तिला काढावयाचे होते, हे त्या वाक्यात मावत नाही.

यशवंतरावांची समाधी अशी कोठे नाही. ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा राहिला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर दगडात कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. हिंदी फौजेचे पाच हजार सातशेहून अधिक जवान त्या देशात कामी आले. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावाने यशवंतरावांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, या अर्थाचे बोधवाक्य त्यास दिले आहे.

इकडे माणगावला तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. सातबाऱ्याच्या, दाखल्याच्या कामासाठी पळसगावची आणि आसपासची माणसे त्याच्यासमोरूनच आत जातात.