हेन्री कॅव्हेंडिश

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील रॉयल सोसायटीचे सभासद दर गुरुवारी एकत्र भोजन करीत. त्या पंक्तीला एक अबोल गृहस्थ नेमाने येत असे. अंगात विटलेला जांभळा कोट आणि मस्तकावर प्रचारातून केव्हाच गेलेली तीनकोनी टोपी, असा त्याचा वेष असे. कोणी त्याच्याकडे पाहून बोलू लागले, की तो बावरून दूर सरे. म्हणून जाणत्या लोकांनी एक युक्ती योजिली होती. त्याच्या शेजारी उभे राहावे आणि जणू समोरच्या पोकळीशी बोलावे. विषय शास्त्राचा असला, तर कधीकधी मोलाचे उत्तर मिळे. हा गृहस्थ म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश.

त्याचा जन्म १७३१ साली नीस येथे, इंग्लंडमधील एका थोर उमराव घराण्यात झाला. तो सुमारे दोन वर्षांचा असतानाच त्याची आई निवर्तली. केंब्रिजला त्याने काही वर्षे काढली; परंतु पदवी न घेताच तो बाहेर पडला. पुढे त्याच्याकडे अपार संपत्ती आली. पण तिच्याकडे लक्ष देण्यास त्याला सवड नव्हती. पेढीवाल्याने पडून राहिलेल्या पैशाविषयी विचारणा केली, तेव्हा त्रास होत असेल तर ठेव काढून नेतो, असे त्याने त्यालाच बजावले!

क्लॅपहॅम येथील त्याचे घर म्हणजे प्रयोगशाळाच होती. जेवणाला काय हवे, हे तो चिठ्ठीवर लिहून मेजावर ठेवी. मोलकरणीची गाठ पडू नये म्हणून त्याने निराळा जिना बांधून घेतला होता. त्याचा ग्रंथसंग्रह अभ्यासकांना खुला असे; मात्र स्वतःचे पुस्तक नेतानाही तो नोंदवहीत रीतसर सही करी.

लोकांचे लक्ष वेधावे म्हणून विचित्र वेष आणि विचित्र आचार पत्करणारी माणसे पुष्कळ असतात. कॅव्हेंडिशला तर लोकांची नजरच असह्य होई. चित्रकारापुढे तो कधी बसला नाही. त्याचे जे एक चित्र उपलब्ध आहे, ते भोजनप्रसंगी चोरून रेखाटलेले आहे. आपण विक्षिप्त दिसतो की नाही, हा प्रश्नच बहुधा त्याच्या मनाला शिवला नसावा.

१७६६ साली त्याने हायड्रोजनचे गुणधर्म प्रथमच नीट मांडले. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंच्या संयोगाने बनते, हे दाखविणारे त्याचे प्रयोग १७८४ साली प्रसिद्ध झाले. पण त्याची खरी कसोटी लागली ती वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. पृथ्वी पाण्याहून किती पट जड आहे, हे त्याला मोजावयाचे होते. त्यासाठीचे उपकरण जॉन मिशेल या पाद्र्याने योजिले होते. परंतु प्रयोग करण्यापूर्वीच तो वारला. सहा फूट लांबीचा एक लाकडी दांडा बारीक तारेने टांगलेला आणि त्याच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे. त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोग्रॅम वजनाचा एकेक मोठा गोळा आणला, की आकर्षणाने दांडा किंचित वळे. ते वळणे इतके सूक्ष्म, की माणसाच्या अंगच्या उष्णतेने हवा हलली तरी मापन बिघडावे. म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर राहून भिंतीच्या छिद्रातून दुर्बिणीने पाही आणि मोठे गोळेही बाहेरूनच हलवी. १७९८ साली त्याने उत्तर प्रसिद्ध केले : ५.४८ पट. आजचे मान सुमारे ५.५१ आहे.

एकांताने त्याला ही अचूकता दिली. पण त्याच एकांतात त्याचे पुष्कळ संशोधन अडकूनही पडले. विद्युत्प्रवाह मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. म्हणून तो प्रवाह स्वतःच्या शरीरातून जाऊ देई आणि धक्क्याच्या तीव्रतेवरून तुलना करी. अशा रीतीने, पुढे ओहमच्या नावाने प्रसिद्धीस आलेला नियम त्याला १७८१ सालीच गवसला होता. ओहमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता! परंतु हे त्याने कोणालाच कळविले नाही.

१८१० साली कॅव्हेंडिश मरण पावला. विद्युतसंशोधनाची त्याची टिपणे कित्येक दशके तशीच पडून होती. अखेर क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने ती हाती घेतली, त्यांतील प्रयोग केंब्रिजमध्ये पुन्हा करून पाहिले आणि १८७९ साली सर्व टिपणे छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मॅक्सवेलही निवर्तला.