दफनभूमीचे दार सर्वांसाठी



१८२३ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरात एका कॅथलिक माणसाचा दफनविधी होता. धर्मगुरूंनी कबरीपाशी प्रार्थना सुरू केली, तोच दफनभूमीच्या सेवकाने त्यांना अडवले. जागा प्रॉटेस्टंट चर्चच्या ताब्यात होती. कॅथलिकांना स्वतःची दफनभूमी नव्हती. आपल्या माणसाला माती देताना प्रार्थनाही करता येऊ नये, याने शहर संतापले. या अपमानाला ज्यांनी उत्तर दिले, त्या डॅनियल ओकॉनेल यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी केरी परगण्यात झाला. त्या काळी आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण सत्ता प्रॉटेस्टंटांची. खासदार व्हायचे तर मिस्सा आणि संतांची मध्यस्थी ही मूर्तिपूजा आहे, अशी शपथ घ्यावी लागे. कोणता कॅथलिक ती घेणार?

शिक्षणासाठी ते फ्रान्सला गेले. तिथे राज्यक्रांती पेटली होती आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली धर्मगुरूंच्या कत्तली झाल्या. १७९३ साली ते तिथून कसेबसे निसटले. १७९८ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बंड झाले आणि दोन्ही बाजूंची हजारो माणसे मारली गेली. रक्त सांडून मिळणारे स्वातंत्र्य नको, हे त्यांच्या मनात पक्के झाले.

तरीही त्यांच्या हातून एक जीव गेला. १८१५ साली द्वंद्वयुद्धात त्यांच्या गोळीने एक माणूस मेला. त्याच्या मुलीसाठी ते पुढे आयुष्यभर पैसे देत राहिले. ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाताना ते उजव्या हातात काळा मोजा घालत, असे सांगतात.

१८२३ साली त्यांनी कॅथलिक संघटना उभारली. महिना एक पेनी एवढीच वर्गणी. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी ती गोळा होई. गरीब शेतकऱ्यालाही वाटू लागले, ही चळवळ माझी आहे. १८२८ साली क्लेअरच्या पोटनिवडणुकीत ओकॉनेल उभे राहिले. जमीनदारांच्या धाकाला न जुमानता कुळांनी त्यांना मते दिली. त्यांना २०५७ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ९८२. दंगा झाला नाही. सरकार नमले आणि १८२९ साली कॅथलिकांना संसदेचे दार उघडले. मात्र याच वेळी ज्या गरीब कुळांनी त्यांना निवडून दिले, त्यांचा मताधिकार सरकारने काढून घेतला. विजयाला लागलेला हा डाग आम्ही लपवू इच्छित नाही.

आपला हक्क मिळाला की माणसे घरी जातात. ओकॉनेल गेले नाहीत. ज्यूंना अजून संसदेत बसता येत नव्हते. त्यांच्या हक्कासाठी ते बोलत राहिले. ते दार ज्यूंना १८५८ साली उघडले, तेव्हा ओकॉनेल हयात नव्हते. अमेरिकेतील गुलामगिरीवरही त्यांनी कडक टीका केली. त्यामुळे तिथल्या आयरिश लोकांकडून येणारी मदत आटली, पण ते मागे हटले नाहीत. १८४३ साली क्लोंटार्फच्या विराट सभेवर सरकारने बंदी घातली, तेव्हा रक्तपात नको म्हणून त्यांनी सभा रद्द केली. त्यांचेच तरुण सहकारी नाराज झाले. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवासही घडला.

आणि ती दफनभूमी? ओकॉनेल यांच्या प्रयत्नांतून १८३२ साली डब्लिनमध्ये ग्लासनेविनची दफनभूमी सुरू झाली. आमच्या माणसांना तुम्ही अडवलेत, आता तुमच्यांना आम्ही अडवू, असे म्हणणे सोपे होते. पण ही दफनभूमी सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसांसाठीही खुली ठेवण्यात आली.

आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडलेला असताना, रोमच्या यात्रेला निघालेल्या ओकॉनेल यांना १५ मे १८४७ रोजी जिनोआ येथे मरण आले. त्यांचे हृदय रोमला नेले, देह ग्लासनेविनला विसावला.

धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली जाहीर केले. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलमही हा हक्क सर्व व्यक्तींना देते. चर्चवर हल्ला झाला की आपण या कलमाची आठवण करून देतो, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला घर नाकारले जाते, त्याच्या प्रार्थनेला अडथळा येतो, तेव्हा आपण काय करतो? गप्प बसतो, की कधी अडवणाऱ्यांतच उभे असतो? अतिरेक फक्त दुसऱ्यांच्या धर्मात असतो, असे समजणे धोक्याचे आहे.

आजच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या गल्लीतील अन्य धर्मीय कुटुंबांचीही आठवण ठेवू या. आणि घरी जाताना त्यांच्यापैकी एकाची विचारपूस करू या.