अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

कै. ताराबाई मोडक यांचे नाव आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. पण रोज अंगणवाडीत मूल सोडून येणारीला ते ठाऊक असतेच असे नाही, म्हणून हे चार शब्द.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवेशी लग्न केले होते. तेव्हा लोकांनी नावे ठेवणे म्हणजे काय, हे या घराला नवे नसणार. १९१४ साली ताराबाई बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीस गेल्या, परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी होती. त्या काळी अशा बाईने माहेरचा कोपरा धरून बसायचे. ताराबाईंनी राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात मुख्य म्हणून नोकरी धरली!

ती मानाची नोकरीही त्यांनी सोडली आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या गेल्या. मूल हुंदडते म्हणून त्याला दटावून बसवू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, ही मॉंटेसरी बाईंची रीत त्यांनी तेथे अंगी बाणवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. तेथे सारे छान चालले होते. पण मॉंटेसरीची साधने महाग, तेव्हा ही शाळा ऐपतवाल्यांच्याच मुलांची राहणार, ही टोचणी त्यांना लागली असावी. १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबई सोडून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे शंख, शिंपले, गोटे, पाने, बिया हीच साधने झाली.

गावात बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुले काही तिथवर येईनात. आईबाप पहाटे कामावर जाणार, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणार. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून वाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात झाडलोट करावी, मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे कापावी, केस विंचरावे, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. अनुताई बालविधवा होत्या. शिकलेल्या दोन बायका वाड्यावर जाऊन परक्या मुलांची डोकी धुतात, याचे गावाला काय वाटले असेल ते आपणच समजावे.

आपल्या कोल्हापुरात गल्लीतल्या बालवाडीला एक खोली वाढवायची म्हटली तरी केवढे व्याप! राहते घर शाळेकडे वापरायचे तर महापालिकेची परवानगी हवी, नकाशा मंजूर हवा. त्यात शेजारी म्हणतात, गोंगाट होईल, बोळात रिक्षा अडकतील, पाणी पुरायचे नाही. नियम नकोत असे माझे म्हणणे नाही. एकाच दाराच्या खोलीत तीस मुले कोंबली आणि काही पेटले, तर काय करायचे? शेजाऱ्यांचेही सगळेच खोटे नसते. पण कागद मंजूर होईपर्यंत मूल कुठे ठेवायचे, हे त्या मुलाच्या आईला कोणी सांगत नाही. ताराबाईंनी जागेपायी काम अडू दिले नाही, एवढे खरे. अर्थात उघड्या अंगणाला पावसाळा असतो, हेही त्यांना कळत होतेच.

१९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी काम मांडले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. म्हणजे धाकटा पाळणाघरात आणि त्याला सांभाळणारी बहीण शेजारच्या वर्गात. संसार केलेल्या बाईलाच हे सुचावे! जी पोरे गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जात; ती कुरणशाळा.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. पुढे अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ साली स्वतःचे डोळे मिटेपर्यंत चालविले. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, लहान मुलांसाठी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना देशभर नाव पडले ते अंगणवाडी.